रीडिंगची दहावी जागा

प्रश्न : नऊ वर्षं इंग्लंडमधल्या रीडिंगला राहतो. पासपोर्ट अजून भारताचाच आहे, तरी इथे मत देता येतं आणि मी ते देतो. शेजारचे गृहस्थ मात्र जात नाहीत. ‘आपल्या मताने काय होणार? प्रमाणशीर पद्धत असती तर सगळे गेले असते,’ असं म्हणतात. खरंच गेले असते का? आणि मत कोणाला दिलं असतं?
— एक वाचक, रीडिंग

उत्तर : शेजाऱ्यांना एक आठवण करून द्या. ही पद्धत रीडिंगने पाच वेळा वापरून पाहिली आहे. 1999 ते 2019 या काळात युरोपीय संसदेच्या पाच निवडणुका झाल्या आणि ग्रेट ब्रिटनमध्ये त्या पाचही प्रमाणशीर पद्धतीने, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा वाटून, झाल्या. त्यामुळे अंदाज बांधत बसायला नको, दाखला घरचाच आहे.

तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचं उत्तर स्पष्ट आहे. पद्धत बदलली की मत बदलतं. 1989 साली, युरोपच्याच निवडणुकीत, ग्रीन पक्षाला जवळजवळ 15 टक्के मतं पडली आणि जागा एकही मिळाली नाही. तेव्हा जुनीच रीत होती, ज्याला सर्वांत जास्त मतं तो विजयी. दहा वर्षांनी पद्धत बदलली. मतं 6 टक्क्यांवर आली आणि जागा मात्र दोन आल्या. त्यांतल्या एक कॅरोलिन ल्यूकस, त्या निवडून आल्या तुमच्याच ‘साउथ ईस्ट इंग्लंड’ या विभागातून. 2014 मध्ये यूकिप हा पक्ष 27 टक्के मतं आणि 24 जागा घेऊन देशात पहिला आला. पुढच्याच वर्षी पार्लमेंटच्या निवडणुकीत त्याच पक्षाला 38 लाखांवर मतं पडली आणि जागा मिळाली एक. अर्थात सगळं श्रेय पद्धतीला देऊ नये. युरोपची निवडणूक म्हणजे सरकारला चिमटा काढायची संधी, असंही अनेक जण मानत. पण मत वाया जाणार नाही ही खात्री असली की चिमटा काढायला हात धजावतो, हेही खरं.

आता 2019 चा हिशेब मांडतो, कारण ‘एका मताने काय होतं’ याचं उत्तर त्यात आहे. केंटपासून ऑक्सफर्डशरपर्यंत पसरलेल्या या विभागाला जागा दहा. त्या वाटल्या बेल्जियमचे कायदेपंडित व्हिक्टर डी’होंट यांच्या रीतीने. प्रत्येक पक्षाच्या मतांना आधी एकने भागायचं, पक्षाला एक जागा मिळाली की दोनने, दुसरी मिळाली की तीनने. दर फेरीला ज्याचा भागाकार मोठा, जागा त्याची. ब्रेक्झिट पक्षाची मतं होती सुमारे 9 लाख 15 हजार. चार जागा पदरात पडल्यावर पाचवीसाठी त्याला पाचने भागायचं, म्हणजे उरले साधारण 1 लाख 83 हजार. मजूर पक्षाला सगळी मिळून मतं पडली साधारण 1 लाख 84 हजार 700. दहावी आणि शेवटची जागा गेली मजूर पक्षाला, जेमतेम दीड हजारांच्या फरकाने! निवडून आले जॉन हॉवर्थ, रीडिंगच्या स्थानिक राजकारणात वाढलेले. म्हणजे जो पक्ष विभागात अवघ्या 7 टक्क्यांवर, पाचव्या क्रमांकावर घसरला होता, त्याच्या मतदाराने त्या दिवशी घरी बसायचं ठरवलं असतं तर जागा गेली असती.

याच मतपत्रिकेचा एक दोषही सांगतो. उमेदवारांची नावं छापलेली, पण फुली मारायची ती पक्षासमोर. यादीत कोण वर आणि कोण खाली हे पक्षाने आधीच ठरवलेलं. त्या वर्षी या विभागातून अलेक्झांड्रा फिलिप्स नावाच्या दोन खासदार निवडून आल्या, एक ग्रीन पक्षाच्या आणि एक ब्रेक्झिट पक्षाच्या. मतदाराचा घोळ झाला नाही, कारण नावाला तिथे किंमतच नव्हती.

आता मतदानाचा टक्का. इथे शेजाऱ्यांची बाजू लंगडी पडते. जुन्या पद्धतीने झालेल्या 1994 च्या निवडणुकीत देशात 36 टक्के मतदान झालं होतं. नव्या पद्धतीच्या पहिल्याच खेपेला, 1999 मध्ये, ते 24 टक्क्यांवर आपटलं. पुढे सावरलं, पण 2019 च्या तापलेल्या वातावरणातही 37 च्या आसपासच राहिलं. न्यूझीलंडने 1996 मध्ये प्रमाणशीर पद्धत आणली तेव्हा मतदान 85 वरून 88 टक्क्यांवर गेलं, आणि 2002 पर्यंत 77 वर उतरलं. स्वित्झर्लंडला ही पद्धत 1919 पासून आहे, तरी तिथे निम्मे लोकही मतदानाला जात नाहीत. माझं मत विचाराल तर लोक पद्धतीसाठी बाहेर पडत नाहीत. त्या सभागृहात आपलं काही ठरतं असं वाटलं तर बाहेर पडतात. ब्रसेल्समध्ये काय ठरतं हे रीडिंगमध्ये कोणाला नीट ठाऊक नव्हतं.

आपल्याकडचाच नमुना बघा. राज्यसभेची निवडणूक एकल संक्रमणीय मताने, म्हणजे आमदारांनी उमेदवारांना आकड्यांत पसंतीक्रम देऊन, प्रमाणशीर पद्धतीनेच होते. 10 जून 2022 ला महाराष्ट्रातल्या सहाव्या जागेसाठी दोन कोल्हापूरकर भिडले. पहिल्या पसंतीची मतं शिवसेनेच्या संजय पवारांना जास्त होती, पण भाजपच्या इतर दोघांची जादा मतं पुढच्या पसंतीने वळली आणि धनंजय महाडिक निवडून आले. 288 पैकी 285 आमदारांनी मत दिलं. अर्थात त्यांना हॉटेलात ठेवून बसने आणलं होतं. रीडिंगला अशी सोय नाही.

मग आपण ही पद्धत लोकसभेला का लावली नाही? घटना समितीत ती मागणी झाली होती. 4 जानेवारी 1949 रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी ती नाकारली. मतदाराला निदान आकडे ओळखता यायला हवेत हे एक कारण. सभागृहाचे तुकडे होऊन सरकार टिकणार नाही हे दुसरं. साक्षरतेचं कारण रीडिंगला लागू नाही, दुसऱ्यावर आजही वाद घालता येतो. 2024 मध्ये ब्रिटनमध्ये मजूर पक्षाने 34 टक्क्यांपेक्षा कमी मतांवर 650 पैकी 411 जागा घेतल्या. सरकार भक्कम आलं खरं, पण मतदान होतं 60 टक्क्यांच्या आत.

शेजाऱ्यांना एवढंच विचारा, की रीडिंगच्या नगर परिषदेसाठी तरी जाता का? तिथे जुनीच पद्धत आहे, बहुतेक वर्षी एक तृतीयांश जागांची निवडणूक असते आणि एका वॉर्डात निकाल काही थोड्या मतांवर फिरू शकतो. ग्रीन पक्षाने 2010 पासून पार्क वॉर्डात पाय रोवले ते तिथल्या गल्ल्या पिंजून काढूनच. तुम्ही स्वतः जाताना भारतीय पासपोर्ट सोबत ठेवा. 2023 पासून इंग्लंडमध्ये मतदान केंद्रावर फोटोचं ओळखपत्र दाखवावं लागतं आणि राष्ट्रकुलातल्या देशांचा पासपोर्ट चालतो.