चिनी गुलाब आणि आपली काळी माती

जमिनीसरशी पसरणारी, शेवाळासारखी दाट आणि फुलांनी भरणारी रोपं अंगणात लावायची असतील, तर धाराशिवात आधी सप्टेंबरचा विचार करा, मे महिन्याचा नंतर. उन्हाळ्याच्या धास्तीनं आपण चिवट रोप निवडतो. ते उन्हाळा काढतं आणि परतीच्या पावसात बुडापासून सडतं. माझा चिनी गुलाबाचा वाफा असाच गेला. उजनीचं पाणी नळाला येईपर्यंतचे कोरडे दिवस त्यानं फुलत काढले होते. पुढं झड लागली, देठं पाणचट झाली, आणि हात लावला की झुबका मुळासकट हातात यायला लागला.

चिनी गुलाब, म्हणजे आपल्याकडचं ‘ऑफिस टाइम’, मूळचा दक्षिण अमेरिकेतला, अर्जेंटिना-ब्राझीलकडचा. पाणी साठवतो तो पानांत आणि देठांत. मुळाशी साचलेलं पाणी त्याला सोसत नाही. आपली काळी माती ओली झाली की फुगते, तिच्यात हवा खेळत नाही, मुळं गुदमरतात आणि मग बुरशी धरते. मराठवाड्यात सप्टेंबरचा पाऊस जोराचा असतो. २०२५च्या सप्टेंबरात भूम-परंड्याकडं पुरानं शेतं खरवडून नेली. त्या नुकसानीपुढं फुलांचा वाफा काहीच नाही. पण पाणी निघून जायला वाट हवी, हे वाफा करतानाही विसरून चालत नाही.

म्हणून वाफा जमिनीच्या वर, निदान वीतभर उंच करा. निम्मा मुरूम, बाकी माती आणि जाड वाळू. एका बाजूला उतार द्या. शेणखत मूठभरच, कारण खत जास्त झालं की पाला माजतो आणि फुलं कमी येतात. त्याआधी, मे महिन्यातच, हराळीच्या काश्या आणि लव्हाळ्याच्या गाठी खणून उन्हात टाका. या कामात आळस नको. दाट पसरलेल्या रोपांतून हराळी उपटायची म्हणजे रोपंही उपटली जातात.

लावताना बोटभर लांबीचे शेंडे खुडून दिवसभर सावलीत सुकू द्या. चीर वाळली की वीतभर अंतरावर टोचा. ऊन दिवसभर हवं. लिंबाच्या सावलीत रोप जगेल, पण लांबट होईल आणि फुलणार नाही. ढगाळ दिवशी फुलं मिटलेली दिसली तर घाबरून पाणी घालू नका, तो त्याचा स्वभावच आहे. पोळ्याच्या सुमारास काही शेंडे कुंडीत लावून पत्र्याखाली ठेवा. वाफा गेलाच तर पुन्हा त्यातूनच उभा करता येतो.

मोबाइलवर जपानमधल्या डोंगरउतारांचे गुलाबी गालिचे फिरतात. तो मॉस फ्लॉक्स. मूळचा अमेरिकेतला, थंड हवेचा. आपल्या चाळिशीपारच्या उन्हात तो तग धरत नाही. फोटो पाहून मी मागवलेल्या पाकिटातून उगवला तो साधा हंगामी फ्लॉक्स. तोही देखणाच, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरावा आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपला असं धरून चालावं. कायमचा गालिचा त्यातून होत नाही.

वेडेलियाबद्दल मात्र बजावून सांगतो. पिवळ्या फुलांची ही वेल फार लवकर पसरते, म्हणून लोक एकमेकांना काड्या देतात. कांडी जमिनीला टेकली की मुळं फुटतात. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या जिवांच्या यादीत तिचं नाव आहे. ओढ्याकाठी, विहिरीजवळ ती लावू नका, आणि छाटलेल्या काड्या उकिरड्यावर टाकू नका. तिथूनही ती चालायला लागते.

परकं काही नकोच असेल तर आपली चिगळ आहेच. काही गावांत तिला चिवळ म्हणतात. जमिनीला चिकटून पसरणारी, बारीक पानांची, चार पाकळ्यांच्या इवल्या पिवळ्या फुलांची. चिनी गुलाबाचीच ती भाऊबंद. माळावर निळी विष्णुक्रांताही सापडते. तिला मुरमाड, हलकी जमीन मानवते. नर्सरीत या दोघी क्वचितच दिसतात, कारण आपणच त्यांना तण म्हणून उपटून टाकत आलो. मला तर चिगळीचा वाफा सगळ्यांत जवळचा वाटतो. पाऊसकाळात त्यातूनच एका वेळची भाजी निघते, डाळ घालून केलेली. फक्त त्या वाफ्यावर तणनाशक किंवा कीटकनाशक कधी फवारलेलं नसावं.