सांदण दरीसाठी पादत्राणे

प्रश्न : कारखान्यातले सेफ्टी शूज सांदण दरीत चालतील काय?
— एक वाचक, दापोडी

उत्तर : साम्रदजवळच्या त्या अरुंद, कातळी घळीत, जेथे गार पाण्याचे डोह तुडवून पुढे दोराच्या आधाराने कडे उतरावे लागतात, तेथे यंत्रशाळेत बोटांचे रक्षण करणारे ते जड जोडे पाणी धरून पावलांस ओझेच होतील, सबब ते वर्ज्य समजावेत. जलरोधक बुटांचाही मोह नको, कारण घोट्यावरून आत शिरलेले पाणी ते बाहेर जाऊ देत नाहीत. मऊ रबरी तळाचे, पाणी निथळू देणारे बूट सायंकाळी, पाय किंचित फुगलेले असताना, मोज्यांसह पारखून घ्यावेत आणि आधी सिंहगडाच्या पायवाटेवर वापरून पायांत बसवावेत. उतरताना बुटाच्या टोकास लागू नयेत म्हणून पायांची नखे आधी कापावीत. पावसाळ्यात मात्र कदापि उतरू नये. लोंढा आल्यास त्या भिंतींमधून निसटण्यास वाव नाही.