स्वयंचलित घराचे नियंत्रण-पटल : उघडे दार कसे ओळखावे?

घरातील दिवे, पाण्याचा पंप, कॅमेरे आणि दाराचे कुलूप ही साधने एकाच पटलावरून चालविण्याची सोय आता अनेकांच्या आवाक्यात आली आहे. शाळा व कार्यालयांनाही ती उपयोगी पडते. बाहेरगावी असतानाही हे पटल हाताशी असावे म्हणून पुष्कळजण ते इंटरनेटवर खुले करतात. परंतु मालकासाठी उघडलेले हे दार साऱ्या जगाला दिसू लागते.

धोक्याचे स्वरूप

'आपला पत्ता कोणाला ठाऊक आहे?' हा समज फसवा आहे. २००९ पासून चालू असलेले शोडान हे शोधयंत्र इंटरनेटवर उघडी असलेली उपकरणे सतत धुंडाळून त्यांची नोंद ठेवते. ॲव्हास्ट या सुरक्षा कंपनीने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, अशा उपकरणांच्या संदेशांची ने-आण करणारे ४९,००० हून अधिक सर्व्हर उघडे आढळले. त्यांपैकी ३२,००० हून अधिक सर्व्हरांना पासवर्डच नव्हता.

केवळ पासवर्डावरही विसंबून चालत नाही. होम असिस्टंट ही २०१३ साली सुरू झालेली लोकप्रिय मुक्त प्रणाली होय. तिच्या एका भागातील दोषामुळे पासवर्डाशिवाय आत शिरणे शक्य असल्याचे मार्च २०२३ मध्ये जाहीर झाले. दोषाची तीव्रता १० पैकी १० ठरविण्यात आली. दुरुस्ती तत्काळ उपलब्ध झाली. तथापि ज्यांचे पटल बाहेरून दिसत होते, त्यांनाच खरा धोका होता.

तपासणीची रीत

सामान्यतः राऊटर बाहेरून आलेली अनाहूत विचारणा अडवितो. पोर्ट फॉरवर्डिंगचा नियम केल्यास किंवा यूपीएनपी या सोयीद्वारे एखाद्या उपकरणाने आपणहून वाट उघडल्यास ही अटक नाहीशी होते. म्हणून तपासणी पुढील क्रमाने करावी :

१) राऊटरच्या व्यवस्थापन-पानावरील जोडलेल्या उपकरणांची यादी पाहावी. अनोळखी उपकरणाचा छडा लावावा.

२) पोर्ट फॉरवर्डिंग आणि यूपीएनपीचे नियम वाचावेत. होम असिस्टंटचे पटल सहसा ८१२३ या पोर्टवर, तर संदेशवहनाचा सर्व्हर १८८३ वर असतो. क्रमांक बदललेलाही असू शकतो; यास्तव प्रत्येक नियमाचे प्रयोजन विचारावे.

३) राऊटरच्या पानावरील बाह्य पत्ता टिपून घ्यावा. मोबाईलचे वायफाय बंद करून, मोबाईल डेटावरून त्या पत्त्यापुढे अपूर्णविराम (:) व पोर्ट क्रमांक देऊन पान उघडावे. प्रवेशाचे पान दिसल्यास पटल उघडे आहे असे समजावे. ही चाचणी घरच्याच वायफायवरून केल्यास निष्कर्ष चुकू शकतो. बाह्य पत्ता १०, १९२.१६८ किंवा १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होत असेल, तर तो सेवादात्याच्या अंतर्गत जाळ्यातील असल्याने ही चाचणी लागू पडत नाही.

४) आयपीव्ही६ पद्धतीत प्रत्येक उपकरणास स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळू शकतो. राऊटरची फायरवॉल त्यासाठीही चालू असल्याची खात्री करावी.

कायद्याची मर्यादा

ही तपासणी स्वतःच्या अथवा लेखी अनुमती असलेल्या जाळ्यापुरतीच करावी. मालकाच्या अनुमतीशिवाय दुसऱ्याच्या संगणक-व्यवस्थेत प्रवेश केल्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ४३ लागू होते. लबाडीचा हेतू असल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. शेजाऱ्याचे पटल उघडे दिसले, तर आत न डोकावता त्याला सावध करणे हेच उचित.

उपाय

उघडा नियम प्रथम काढून टाकावा आणि यूपीएनपी बंद करावे. नंतर प्रवेश-नोंदी तपासून पासवर्ड बदलावेत, प्रणाली अद्ययावत करावी व द्विस्तरीय पडताळणी सुरू करावी. दुरून नियंत्रण आवश्यकच असेल, तर व्हीपीएनचा अवलंब करावा.

नवे उपकरण बसविल्यावर किंवा राऊटर बदलल्यावर ही तपासणी पुन्हा करणे अगत्याचे आहे. शाळा व ग्रामपंचायतींनी तिची तारीख नोंदवहीत लिहून ठेवल्यास, कर्मचारी बदलले तरी दक्षतेत खंड पडणार नाही.