पहिला पाऊस आणि मातीचा श्वास

प्रश्न : आमची काळी जमीन मे महिन्यात भेगाळते. पहिल्या पावसात तिच्यातला कर्ब हवेत उडतो, असे ऐकले. खरे का? – एक शेतकरी, मराठवाडा

उत्तर : खरे आहे. मुळे आणि सूक्ष्मजीव श्वसन करतात, त्यातून कर्बवायू बाहेर पडतो. ओल पुरेशी असेल, तर तापमान १० अंशांनी वाढल्यावर हा वेग साधारण दुप्पट होतो. पण ओलच नसेल, तर ऊन कितीही तापो, जिवाणू निपचित पडून राहतात. पहिल्या सरीने ते जागे होतात आणि उन्हाळ्यात मेलेल्या जिवाणूंचे अवशेष व मातीच्या ढेकळांत अडकलेले सेंद्रिय पदार्थ कुजवू लागतात. काही तासांतच कर्बवायूचे प्रमाण एकदम वाढते. बर्च या शास्त्रज्ञाने १९५८ मध्ये पूर्व आफ्रिकेतील मातीच्या अभ्यासातून हे मांडले. म्हणून याला ‘बर्च परिणाम’ म्हणतात. याच वेळी पिकाला लागणारे नत्रही मोकळे होते. पुढे पाणी साचले, की प्राणवायूअभावी कुजणे मंदावते. भातखाचरांतून मात्र मिथेन निघतो.

हा कर्ब अडवता येणार नाही, पण भरून काढता येतो. धसकटे जाळू नका, गरजेपुरतेच नांगरा आणि शेणखतात हात आखडू नका.