पेंढ्यातला धागा

कर्जत-खालापूरकडचे आपण भात पिकवणारे लोक. मळणी झाली की दाणा कणगीत जातो आणि मागे उरतो पेंढा. आपण त्याच्या उडव्या रचतो. काही गुरांना घालतो, काही विकतो. कुजका असला तर पेटवूनही देतो. पण या पेंढ्यात काय दडले आहे, ते आज पाहू या.

कारवीच्या कुडाला आपण माती लिंपतो. त्या मातीत तूस नाहीतर चिरलेला पेंढा कालवतो. का बरे? नुसती माती वाळली की तडकते. पेंढ्याच्या काड्या तिला धरून ठेवतात. ही युक्ती वाडवडिलांची. आज शास्त्रज्ञ प्लास्टिक बळकट करण्यासाठी हेच करीत आहेत. मात्र त्यांची काडी फार बारीक आहे.

पेंढ्याची काडी म्हणजे बारीक धाग्यांची जुडीच. हे धागे ज्या द्रव्याचे बनतात, त्याला सेल्युलोज म्हणतात. कापूस जवळजवळ सगळा सेल्युलोजच. पेंढ्यात ते वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतके असते. डिंकासारखी दुसरी द्रव्ये त्याला घट्ट चिकटून बसलेली असतात.

मग धागा सोडवायचा कसा? पेंढा चिरून धुतात आणि कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळतात. डिंक सुटतो, काळे पाणी निघते. उरलेला लगदा पांढरा करतात. मग यंत्रात मोठ्या दाबाने तो बारीक फटीतून पुन्हापुन्हा काढतात. जुडी उकलते. निघालेला धागा आपल्या केसाहून शेकडो पटींनी बारीक असतो. आपल्या डोळ्यांना दिसते ती नुसती पांढरी पेज! तिचे नाव नॅनो-सेल्युलोज.

हे धागे प्लास्टिकात नीट मिसळले, तर प्लास्टिक जास्त ताण सोसते. कागदही बळकट होतो. पण धाग्याला पाणी आवडते, प्लास्टिकला आवडत नाही. म्हणून दोघांचे जुळावे यासाठी धाग्यावर आधी प्रक्रिया करावी लागते.

मुंबईत माटुंग्याला कापसावर संशोधन करणारी सरकारी संस्था आहे. ती १९२४ साली निघाली. तेथे २०१५ साली नॅनो-सेल्युलोजचा प्रायोगिक कारखाना सुरू झाला. तो सरकीला चिकटून राहिलेला आखूड कापूस वापरतो. भाताच्या पेंढ्यातूनही असा धागा काढता येतो, हे प्रयोगांत दिसले आहे.

हे काम घरी मात्र करू नये. कॉस्टिक सोडा अंग भाजतो, डोळे घालवतो. काळे पाणी उल्हास नदीत किंवा पाताळगंगेत सोडले, तर मासे मरतील. आणि खालची गावे काय पितील?

तेव्हा पेंढा पेटवू नका. कोरडा ठेवा. पहिला वाटा गुरांचा, दुसरा शेतातल्या खताचा. उरेल तो विकावा. उद्या कोणी कारखान्यासाठी पेंढा मागायला आला, तर दोन गोष्टी विचारा: भाव काय? काळे पाणी कोठे जाणार? आता आपल्याला वाचता येते. कागद वाचूनच सही करावी.