हिशेबाची दुसरी किल्ली : बॅकअप सेवेला नवे गिऱ्हाईक कसे मिळवावे?

पलूस, भिलवडी, किर्लोस्करवाडी या भागात संगणक दुरुस्ती, टॅलीची शिकवणी, झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज भरण्याची दुकाने चालवणारे पुष्कळ तरुण आहेत. आजचा धडा त्यांच्यासाठी आहे, तसाच ज्यांची मुले या धंद्यात उतरू पाहतात त्या व्यापारी व कारागीर बांधवांसाठीही आहे. विषय आहे ऑनलाइन बॅकअप सेवा. दुकानाच्या संगणकातील हिशेब, बिले, फोटो, नक्षी यांची एक प्रत इंटरनेटवरून दूरच्या केंद्रात रोज आपोआप जमा होते, ती ही सेवा. केंद्रे मोठ्या कंपन्यांची असतात. गावातल्या तरुणाने तेथील जागा घ्यावी, गिऱ्हाइकाच्या संगणकावर सोय बसवून द्यावी, तिच्यावर देखरेख ठेवावी आणि आपली मजुरी मिळवावी. भांडवल थोडे लागते.

अडचण एकच आहे. कापड गिऱ्हाईक बोटांनी चोळून पाहते, उजेडात धरून पाहते. हा माल हाताला लागत नाही. मग तो विकायचा कसा?

१) आपण काय विकतो ते आधी ओळखावे

नवा विक्रेता दुकानात जाऊन ‘इतके जीबी, इतका वेग, क्लाउड’ असे सांगू लागतो. दुकानदार ऐकून घेतो, चहा पाजतो आणि ‘बघू पुढे’ म्हणतो. त्याचे चुकत नाही. जागा ही त्याची गरजच नसते. गेलेला हिशेब परत मिळणे ही त्याची गरज असते. दुकानाच्या कुलपाची एक किल्ली आपण भावाच्या घरी ठेवतो. ती रोज लागत नाही, पण लागते त्या दिवशी तिची किंमत कळते. बॅकअप म्हणजे हिशेबाची अशी दुसरी किल्ली, असे सांगितले की साठीचा दुकानदारही एका वाक्यात समजतो.

अमेरिकेत बोस्टन येथे २००५ साली कार्बोनाइट नावाची कंपनी निघाली. तिने घरगुती गिऱ्हाइकांना जागेचे माप सांगणे सोडून दिले. एका संगणकाला वर्षाची एक ठरावीक रक्कम, मग फायली कितीही असोत. जाहिरातीसाठी तिने रेडिओवरील गप्पांचे कार्यक्रम करणारे निवेदक निवडले, कारण त्यांचा आवाज लोकांच्या ओळखीचा होता. यातून दोन गोष्टी घ्याव्यात : दर एका दमात सांगता यावा, आणि गोष्ट ओळखीच्या तोंडून जावी. आपल्याकडे असे ओळखीचे तोंड म्हणजे दुकानाचे विवरणपत्र भरणारा कर सल्लागार. त्याच्या एका संगणकात अनेक दुकानांचे हिशेब असतात. म्हणून पहिले गिऱ्हाईक तोच करावा. त्याला भरवसा आला की बाकीची दुकाने तोच दाखवील.

२) पुराचा धडा

आपल्या तालुक्याला या गरजेचा दाखला बाहेरून आणावा लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. भिलवडीसारखी नदीकाठची गावे पाण्याखाली गेली, आणि आपल्याच तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे ८ ऑगस्टला बोट उलटून माणसे गेली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला.

माणसांच्या जाण्यापुढे हिशेबाचे दुःख लहान आहे. परंतु जे मागे राहतात त्यांना पुढच्या महिन्यात दुकान उघडावेच लागते, आणि तेव्हा हा प्रश्न उभा राहतो. भिजलेला माल मोजता येतो, त्याचा पंचनामा होतो, विमा असेल तर दावा करता येतो. उधारीचा पंचनामा होत नाही. कोणाकडे किती येणे आहे हे फक्त वही जाणते किंवा संगणक जाणतो. ते दोन्ही एकाच गाळ्यात असतील तर एकाच रात्रीत जातात. त्याच ड्रॉवरमधला पेनड्राइव्हही त्यांच्याबरोबर जातो. दूरच्या प्रतीचे महत्त्व येथे आहे : पाणी जेथे पोचते त्याच्या बाहेर ती असावी.

हिशेबाला दुसरी बाजूही आहे. शिंप्याकडे लोकांनी कापड व बयाणा दिलेला असतो. सोनाराकडे मोडीचे वजन लिहिलेले असते. ही नोंद म्हणजे लोकांची अमानत होय. ती हरवली तर नुकसान दुकानदाराचे एकट्याचे होत नाही. गिऱ्हाइकाला हे जरूर सांगावे. मात्र पुराचे फोटो दाखवून घाबरवू नये. ज्याने पूर अंगावर घेतला आहे त्याला भीती विकणे हे सभ्यपणाचे नाही, आणि त्याने सौदाही होत नाही.

३) कोणाकडे जावे, काय विचारावे

कर सल्लागारानंतर औषध दुकाने, खते-बियाणांची दुकाने, फोटो स्टुडिओ, फ्लेक्स छपाईवाले, संगणकावर चालणाऱ्या भरतकाम यंत्रांचे मालक यांच्याकडे जावे. भरतकामवाल्याची सारी कमाई नक्षीच्या फायलींत असते. यंत्र पुन्हा विकत मिळते, बारा वर्षांची नक्षी मिळत नाही.

भाषण करू नये. तीन प्रश्न विचारावेत. आज संगणक सुरू झाला नाही, तर कोणाकडे किती येणे आहे हे सांगता येईल का? शेवटची प्रत कोणत्या तारखेची आहे? ती प्रत उघडून कधी पाहिली आहे का? तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक दुकानदार गप्प होतात. तेथे आपणही थोडे थांबावे.

कायद्याचीही आठवण द्यावी. जीएसटी १ जुलै २०१७ पासून लागू आहे. त्या कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. २०२३-२४ सालासाठी ही अंतिम तारीख ३१ डिसेंबर २०२४ होती; म्हणजे त्या वर्षाचे हिशेब ३१ डिसेंबर २०३० पर्यंत हवेत. एवढी वर्षे एकच संगणक टिकेल याची हमी कोणी देत नाही.

४) करून दाखवणे हीच जाहिरात

दुकानदाराच्या संमतीने एक साधी फाईल तयार करावी. तिच्यात त्यालाच चार नावे व आकडे लिहू द्यावेत. तिची प्रत केंद्रात जाऊ द्यावी. मग ती फाईल त्याच्याच हाताने पुसून टाकायला सांगावी, आणि त्याच्या डोळ्यांदेखत परत आणावी. पाच मिनिटांचे हे काम छापील पत्रकांपेक्षा अधिक बोलते. खऱ्या हिशेबावर हा प्रयोग कधीही करू नये.

पुष्कळ जण म्हणतील, ‘माझ्या फायली ड्राइव्हवर आहेतच.’ त्यांना फरक समजावून द्यावा. नुसत्या जुळवणीच्या सोयीत येथे जे बदलते ते तेथेही बदलते. येथे फाईल पुसली तर तेथूनही ती जाते. टोपलीत राहिली तरी काही दिवसच राहते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या विषाणूने दीडशेवर देशांतील संगणकांच्या फायली कुलूपबंद केल्या आणि सोडवण्यासाठी पैसे मागितले. अशा वेळी जुळवणीची सोय बिघडलेली फाईलच वर पाठवते. बॅकअपमध्ये काल, परवा, मागच्या महिन्यात फाईल कशी होती तीही प्रत राहिली पाहिजे. विकण्यापूर्वी आपल्या सेवेत जुन्या प्रती किती दिवस राहतात हे नीट पाहून घ्यावे.

५) दर आणि खरे बोलणे

दर वर्षाचा सांगावा आणि त्यात काय काय आहे ते लिहून द्यावे. उदाहरणादाखल वर्षाला २,४०० रुपये धरले, तर दिवसाला साडेसहा रुपये पडतात. त्यातून कंपनीची जागा, बसवण्याची मजुरी आणि दर तीन महिन्यांची एक फेरी निघाली पाहिजे. पहिला महिना फुकट द्यावा, पण पहिली दोन वर्षे फुकट देऊ नयेत. फुकटाची सेवा आपणच सांभाळत नाही.

जे होत नाही ते आधी सांगावे. पहिली प्रत जायला वेळ लागतो. वर चढवण्याचा वेग सेकंदाला २ मेगाबिट असेल, तर १० जीबीला सुमारे ११ तास आणि स्टुडिओच्या २०० जीबीला नऊ दिवसांहून अधिक लागतील. त्यानंतर फक्त बदललेला भाग जातो. दुसरी गोष्ट सांकेतिक कुलपाची. किल्ली फक्त गिऱ्हाइकाकडे असेल तर त्याचा हिशेब कंपनीही वाचू शकत नाही, आपणही नाही. परंतु ती किल्ली हरवली तर कोणीच उघडू शकत नाही. म्हणून ती कागदावर लिहून दुकानाबाहेर, घरच्या तिजोरीत ठेवायला लावावी.

तिसरी गोष्ट कंपनी बंद पडण्याची. क्रॅशप्लॅन या नावाजलेल्या सेवेने ऑगस्ट २०१७ मध्ये घरगुती गिऱ्हाइकांची योजना बंद करण्याचे जाहीर केले आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये ती संपली. गिऱ्हाइकांना मुदत मिळाली, पण सारे दुसरीकडे हलवावे लागले. ‘असे झाले तर तुमचा माल मी हलवून देईन’ हा शब्द लेखी द्यावा. गावातल्या माणसाची खरी किंमत येथेच आहे. दूरच्या कंपनीला फोन लावून दुकानदार थकेल. तुमचे दुकान त्याला माहीत असते.

६) जुने गिऱ्हाईक नवे गिऱ्हाईक आणते

दर तीन महिन्यांनी जाऊन एक फाईल परत काढून दाखवावी आणि तारीख टाकून वहीत सही घ्यावी. शेजारच्या दुकानदाराने ती वही पाहिली की अर्धे काम झाले. मोहिमेचा काळही नीट निवडावा. मार्चअखेर संपली की एप्रिल-मे हा चांगला. हिशेब नुकते मिटलेले असतात आणि पावसाळा समोर असतो. जून उजाडल्यावर घाई होते, आणि पहिली प्रत अर्धवट राहते.

या धंद्यात पाऊल टाकणाऱ्याने प्रथम स्वतःच्या दुकानाचा हिशेब ठेवून, पुसून, परत आणून पाहावा. मग एक कर सल्लागार, एक औषध दुकान आणि एक कारागीर अशी तीनच गिऱ्हाइके करून वर्षभर सांभाळावीत. ज्या दिवशी त्यांपैकी एकाचा संगणक जळेल आणि संध्याकाळपर्यंत त्याची उधारीची यादी त्याच्या हातात पडेल, त्या दिवसापासून बाजारपेठेत तुमच्याविषयी दुसऱ्याला सांगायला तुम्हाला जावे लागणार नाही.