मेळघाटची सहल : निघण्याआधी वर्गात शिकवायचा पाठ



हिवाळा आला की शाळाशाळांत सहलीची चर्चा सुरू होते. विदर्भातल्या बऱ्याच शाळा चिखलदऱ्याला जातात. देवी पॉइंट, भीमकुंड, गाविलगड, फोटो, खाऊ आणि परत! यात वाईट काही नाही. पण परत आलेली मुलं तिथल्या कोरकू लोकांबद्दल दोन वाक्यं बोलू शकत नाहीत. काही जण तर "आम्ही आदिवासी बघितले" असं सांगतात. वाघ बघायचा असतो, माणसांना भेटायचं असतं. हा फरक सहलीआधी वर्गातच शिकवावा लागतो. इयत्ता सहावी-सातवीसाठी त्याचं नियोजन असं करता येईल.

१) आधी नकाशा
मेळघाट म्हणजे घाटांचा मेळ. अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेला, सातपुड्यात चिखलदरा आणि धारणी हे दोन तालुके मुलांना शोधू द्या. सिपना, गडगा, खंडू या नद्या शेवटी तापीला मिळतात, ते बोट फिरवून दाखवू द्या. १९७४ साली इथे व्याघ्र प्रकल्प झाला, तो महाराष्ट्रातला पहिला. पुढे प्रकल्पाच्या आतल्या काही गावांना जागा सोडून बाहेर वसावं लागलं. मुलांना विचारा, "वाघासाठी तुमचं गाव हलवायचं ठरलं, तर तुम्ही काय काय मागाल?" या एका प्रश्नावर अख्खा तास रंगतो.

२) भाषेचा तास
कोरकू ही मराठीची बोली नाही. गोंडी द्रविड कुळातली, तर कोरकू मुंडा कुळातली. तिच्या बहिणी म्हणजे संथाली आणि मुंडारी; त्या थेट झारखंडकडे बोलल्या जातात. कोरकू या नावाचा अर्थच मुळात 'माणसं' असा आहे. घरी कोरकू बोलणारं लेकरू पहिलीत येतं, तेव्हा पाठ्यपुस्तकातली मराठी त्याला परकी असते. ते गप्प बसतं म्हणून त्याला काही येत नाही, असं नसतं. हे आपल्या मुलांना कळलं, तर ती तिथल्या मुलांना हसणार नाहीत.

३) केव्हा जावं?
पावसाळ्यात घाट सुंदर दिसतो, पण धुकं आणि निसरडा रस्ता मुलांसाठी बरा नाही. डिसेंबर-जानेवारी सोयीचा, मात्र तेव्हा काही घरांना कुलूप दिसेल. खरिपाचं पीक निघालं की बरीच कुटुंबं मजुरीसाठी बाहेर पडतात आणि होळीला परततात. होळी हा कोरकूंचा सगळ्यांत मोठा सण. कुलूप दिसलं की मुलं विचारतीलच, तेव्हा कारण सांगा. बातम्यांमुळे मेळघाट म्हटलं की मुलांना फक्त 'कुपोषण' आठवतं. आईबाप कामासाठी लांब, दवाखाना लांब, हाताला वर्षभर काम नाही. ही साखळी फळ्यावर काढली की तो शब्द समजतो.

४) गावात कसं वागायचं?
• ओळखीच्या शिक्षकांमार्फत किंवा ग्रामपंचायतीला आधी कळवूनच गावात जायचं. एका वेळी दहा-बाराच मुलं.
• विचारल्याशिवाय फोटो नाही. लहान मुलांचे तर नाहीच.
• चॉकलेट, जुने कपडे वाटायचे नाहीत. शाळेला द्यायचंच असेल, तर काय हवं ते तिथल्या गुरुजींना विचारून द्यावं.
• "नाचून दाखवा" असं कुणालाही म्हणायचं नाही.
• मृतांच्या आठवणीसाठी कोरलेले लाकडी खांब दिसले, तर हात लावायचा नाही, टेकायचं नाही.

५) प्रवास आणि परवानगी
शिक्षण विभागाची परवानगी, पालकांचं संमतिपत्र आणि जंगलात शिरायचं असेल तर वनविभागाची परवानगी, या तिन्ही गोष्टी आधीच हातात हव्यात. अमरावती ते परतवाडा सुमारे ५० किमी, तिथून चिखलदरा सुमारे ३० किमी, पण घाटाचा रस्ता. एक फाटा सेमाडोह, हरिसाल करत धारणीला जातो. एटीएम, पेट्रोल, औषधं हे सगळं परतवाड्यातच उरका. पुढे अनेक ठिकाणी मोबाईलला रेंज नसते, म्हणून मुलांची यादी आणि पालकांचे नंबर कागदावर ठेवा. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचा.

काही पालक विचारतात, "आदिवासी भाग आहे, भीती नाही ना?" त्यांना स्पष्ट सांगावं : काळजी घ्यायची ती घाटातल्या वळणांची आणि थंडीची. माणसांची भीती नाही.

६) परतल्यावर
'मी पाहिलेले ठिकाण' हा निबंध नको. त्याऐवजी तीन प्रश्न द्या. तिथल्या कुणाकडून मी काय शिकलो? त्यांनी मला काय विचारलं? आपल्या गावात आणि त्यांच्या गावात सारखं काय? पायथ्याच्या पायविहीर गावाची गोष्टही सांगा. सामूहिक वनहक्क मिळाल्यावर त्या लोकांनी उजाड जमिनीवर पुन्हा जंगल उभं केलं. आता तिथली सीताफळं बाजारात जातात. म्हणजे मुलांच्या मनात 'बिचारे' हा शब्द राहत नाही.

सहलीचा खर्च पालक पोटाला चिमटा घेऊन देतात. त्या पैशात मुलाला एक नवं ठिकाण तर दिसेलच. पण आपल्याहून वेगळं बोलणाऱ्या माणसाशी मानानं बोलायला तो शिकला, तर सहल खऱ्या अर्थानं शैक्षणिक झाली.